सात तासांचा रस्सा

नत्थूजी धकात्यांना कुकरची शिटी ऐकू येत नाही. कामठीच्या पॉवरलूमवर बावीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान जसे होतात, तसे त्यांचे झाले आहेत. शेजारी ढोल वाजला तर तो त्यांना छातीत कळतो, बाकी सगळं ते समोरच्याच्या ओठांवरून वाचतात. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, तेव्हा पहिले दोन महिने मी त्यांच्याशी घसा ताणून बोलायचे. शेवटी त्यांनीच सांगितलं, "मेघाताई, ओरडू नोका. तोंड माह्याकडे ठेवून बोला, बस. लूमवर आमी सारे असेच बोलत होतो."

मूळचे ते उमरेडचे. बाराव्या वर्षी वडिलांच्या हातमागावर बसले आणि चाळिशीपर्यंत रेशीमकाठी लुगडी विणत राहिले. लुगडी नेसणाऱ्या बाया कमी होत गेल्या तसा माग अडगळीत गेला आणि नत्थूजी रोज सकाळी शेअर ऑटोत बसून कामठीला जाऊ लागले. त्यांच्या बायकोने, तुळजाबाईंनी, हातमागाच्या काळात त्यांच्यासाठी कांड्यांवर सूत गुंडाळून दिलं आणि पुढे वस्तीतल्या लग्नांना मटणाचा रस्सा रांधून दिला. काळा, तर्रीदार, खाणाऱ्याच्या कपाळावर घाम आणणारा. नत्थूजींनी मात्र सदुसष्ट वर्षांत चहापलीकडे काही केलेलं नव्हतं. "हिच्या चुलीपाशी जायची हिंमत कोणाले?" असं ते हसून सांगायचे.

हे हसणं नोव्हेंबरात थांबलं. तुळजाबाईंना न्यूमोनिया झाला. बारा दिवस दवाखान्यात काढून त्या घरी आल्या तेव्हा मी दारातच थबकले. आडव्यातिडव्या अंगाची बाई गेली होती आणि साडी तेवढी परत आली होती. ताप उतरला होता, छाती बरीच मोकळी झाली होती, पण नाकाला वास नाही आणि जिभेला चव नाही. वरण द्या, खिचडी द्या, पेज द्या, त्या एक घास घेऊन तोंड फिरवायच्या. "सारं मातीवानी लागते," म्हणायच्या. आवाज इतका बारीक झाला होता की मलाही कान जवळ न्यावा लागायचा. नत्थूजींना तर त्यांचे ओठही वाचता येत नव्हते, कारण ओठ हलतच नव्हते फारसे.

त्यांची मुलगी प्रणाली पुण्याला असते. ती रजा काढून तीन आठवडे राहिली. ती असतानाच एकदा नत्थूजींनी डाळीचा कुकर गॅसवर चढवला आणि ते तुळजाबाईंच्या खाटेपाशी जाऊन बसले. प्रणाली औषधं आणायला गेली होती. शिट्यांवर शिट्या झाल्या, पाणी आटलं, जळका वास जिन्यावरून माझ्यापर्यंत आला, तेव्हा मी धावत खाली जाऊन गॅस बंद केला. नत्थूजी बायकोचे पाय दाबत बसले होते. त्यांना पत्ताच नव्हता.

त्या दिवसापासून प्रणालीच्या डोळ्यांतली झोप गेली. जाण्याआधी तिने विजेवर चालणारी एक हंडी मागवली. स्लो कुकर. मंद आचेवर सात तास आपोआप शिजवणारा, शिटी नाही, ज्योत नाही, जळायची भीती नाही. तिने एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो फ्रिजवर चिकटवला: खाली चिकन, वर भाज्या, एक ग्लास पाणी, आलं-लसूण, मिरे, थोडं मीठ. बटण दाबा. झाकण उघडू नका. सात तास.

आणि दुसरी सोय नत्थूजींनी स्वतः केली. जुन्या बॉबिनवरचं सूत दुहेरी पिळून त्यांनी लांब दोरा वळला. एक टोक तुळजाबाईंच्या हातात आणि दुसरं आपल्या मनगटाला. स्वयंपाकघरात जावं, अंगणात जावं, तुळजाबाईंना काही हवं असलं की त्यांनी दोरा ओढायचा. प्रणाली पुण्याला गेली ती हा दोरा पाहून रडत गेली.

डिसेंबरचा तिसरा सोमवार होता. थंडीची लाट आली होती, सकाळी नळाच्या पाण्यात हात घातला की बोटं ठणकायची. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, डॉक्टरांकडे वजन दाखवायला जायचं होतं. मागच्या खेपेला काटा अडतीस किलोवर होता. "याच्याखाली उतरलं तर नाकातून नळी टाकून अन्न द्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले होते. तुळजाबाईंनी ते ऐकलं होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीला शेवटी अशीच नळी होती आणि ती घरी परत आली नाही. त्या दिवसापासून त्या जागेपणी बहुतेक वेळ नाकावर पदर धरून पडून राहायच्या.

नत्थूजींनी ठरवलं होतं की आज गावरानी कोंबडी. ब्रॉयलरमध्ये काय ताकद आहे? पहाटेच मफलर गुंडाळून जाऊन ते कोंबडी कापून घेऊन आले. गाजर, थोडं कोहळं, फुलकोबी, बटाटा आणि ओल्या तुरीचे सोले. सोले सोलायला त्यांना तासभर लागला, एकेक दाणा निवडून. आठ वाजून वीस मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. कागदावरची प्रत्येक ओळ बोट ठेवून त्यांनी पुन्हा वाचली, आणि मग दोरा मनगटाला बांधून खाटेपाशी जाऊन बसले.

दुपारी सव्वा वाजता माझ्या दारावर थाप पडली. मी घरूनच काम करते, कानाला हेडफोन होता. दार उघडलं तर नत्थूजी. ते सहसा जिना चढत नाहीत. मनगटाचा दोरा सुटून पायात लोंबत होता.

"मेघाताई, लाईन गेली होती का?"

गेली होती. माझी मीटिंग सुरू होती, टक् करून इन्व्हर्टर लागला होता, आणि मी घड्याळ पाहिलं होतं, कारण नेट बंद पडलं तर साहेबांना सांगावं लागतं. आठ चाळीसला गेली, बारा मिनिटांत आली. मी विसरूनही गेले.

"सकाळी. आठ चाळीसला. पण लगेच आली, काका."

त्यांनी माझे ओठ वाचले आणि कठडा धरला. "आली. पण थो कुकर पुन्हा सुरू नाई झाला."

आम्ही खाली गेलो. हंडीवर हिरव्या दिव्याच्या जागी नुसते चार शून्य लुकलुकत होते. लाईन गेली की ते यंत्र सगळं विसरतं आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत गप्प बसतं, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. हिवाळ्यात पंखा नसतो, दिवसा दिवा नसतो, आणि फ्रिजची घरघर थांबली तर ती ऐकायला कान नव्हते. नत्थूजींनी झाकण काढलं. पाणी कोमट. चिकनचे तुकडे वरून पांढुरके झालेले, मध्ये अजून लाल. तेवढ्या वीस मिनिटांत जेमतेम गरम होऊन सगळं साडेचार तास तसंच पडलं होतं.

त्यांनी नाक जवळ नेलं. "वास तं नाई येत. थंडीचे दिवस हायेत. आता चांगलं उकळून घेतलं तं?"

मी प्रणालीला व्हिडिओ कॉल लावला, म्हणजे ते तिचे ओठ वाचू शकतील. ती ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये आली. मी झालेलं सांगितलं.

"फेकून द्या, बाबा," ती म्हणाली. "उकळून काही फायदा नाही. आईच्या पोटात आता काही बिघडलं तर ती..."

तेवढ्यात चित्र अडकलं. तिचं तोंड अर्धं उघडं राहिलं. नत्थूजी पडद्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले.

"पुढे काय म्हणते?"

आवाज मला येत होता. ती रडत होती.

"फेका म्हणते," मी म्हटलं.

ते उकिडवे बसले, हंडीसमोर. या माणसाने आयुष्यात सुताचं बोटभर टोकही कधी फेकलं नव्हतं. मग उठले, हंडी उचलली, मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली कुदळीने खड्डा केला, कारण कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर त्यांचंही काही होऊ नये, आणि सगळं त्यात ओतून माती लोटली. सोले मातीवर पडले तेव्हा त्यांनी नजर दुसरीकडे केली.

दोन वाजायला आले होते. तुळजाबाईंच्या पोटात काल संध्याकाळपासून अर्धा कप चहा आणि एका बिस्किटाचा तुकडा एवढंच होतं. एका वाटी रश्श्याने रात्रीतून वजन वाढत नसतं हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं. पण त्यांचे हात थांबायला तयार नव्हते. हंडी घासली, गरम पाण्याने दोनदा खंगाळली, मफलर गुंडाळला.

"मी आलोच. वीस मिनिटं बसता का हिच्यापाशी?" त्यांनी दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं.

मी खाटेपाशी बसले. तुळजाबाई डोळे मिटून होत्या. मला वाटलं झोपल्या. थोड्या वेळाने ओठ हलले. मी वाकले.

"कुठं गेले?"

"चिकन आणायला."

"सकाळी आणलं होतं न?"

"कमी पडलं, काकू."

त्यांनी डोळे उघडले. "खोटं काहून बोलता? खिडकीतून दिसलं मले. पेरूखाली पुरून राहिले होते." मग पदर नाकावर ओढत त्यांनी विचारलं, "नळीसाठी त्याईनं डॉक्टरले हो म्हणून टाकलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. पण खरंच मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार.

वीस मिनिटं झाली, तीस झाली. फोन करून उपयोग नव्हता, त्यांना रिंग ऐकू येत नाही. रस्त्यावर हॉर्न वाजला की मी खिडकीबाहेर बघायचे. मागून ट्रक आला तर या माणसाला काय कळणार? मी दोनदा उठून फाटकापर्यंत गेले आणि दोरा ताणला गेला म्हणून परत फिरले. पाऊण तासाने ते आले, धापा टाकत. जवळचं दुकान दुपारचं बंद झालं होतं, पार चौकापुढच्या दुकानात गेले होते. गावरानी संपली होती. ब्रॉयलरच मिळाली.

आता सात तास नव्हते. प्रणालीने मला फोनवर सांगितलं, जास्त आचेवर ठेवा, चार तासांत होईल. नत्थूजींनी चिकन आणि भाज्या घातल्या, बटण दाबलं, दोरा पुन्हा मनगटाला बांधला आणि हंडीसमोर स्टूल टाकून बसले. एक हात हंडीच्या अंगाला. दिवा चालू आहे ना, कड तापते आहे ना. माझा लॅपटॉप मी खाली आणला आणि बाहेरच्या ओट्यावर बसले, कारण आता मला वर बसवत नव्हतं. दर पाच मिनिटांनी मी आत डोकावायचे आणि ते मान हलवून सांगायचे, सुरू आहे.

मग त्यांच्या मनात आलं की नुसत्या पाणचट रश्श्याला ती तोंडही लावणार नाही. निदान कांदा तरी तेलात परतून घालावा. शेजारच्या गॅसवर कढई ठेवली, कांदा टाकला, नाकापर्यंत गुंडाळलेला मफलर तसाच, आणि डोळे पुन्हा हंडीच्या दिव्यावर. ओट्यावर मला थंड वारा लागत होता. वास माझ्यापर्यंत आला नाही.

मला दिसला तो दोरा. तो एकदम ताठ झाला आणि नत्थूजींचा हात मनगटापासून खेचला गेला. एवढ्या जोराने तो कधी ओढला गेला नव्हता. ते स्टूल पाडून उठले. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. मीही मागे धावले.

तुळजाबाई कोपरावर अर्ध्या उठल्या होत्या. महिनाभरात कोणी न धरता त्या उठल्या नव्हत्या. ओठ जोरात हलत होते, पण नत्थूजींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांना काही वाचता येईना.

"काय म्हणते? काय म्हणते ही?" ते मला विचारत होते.

मी ऐकलं. "कांदा जळून राहिला! सारा जळला! याईले नाक बी नाई का आता?"

मी त्यांच्यासमोर तोंड केलं आणि सावकाश म्हटलं, "कांदा. जळाला."

गॅस मी जाऊन बंद केला. कढईत काळा कोळसा झाला होता आणि आता तो वास घरभर पसरला होता. मी परत आले तेव्हा नत्थूजी खाटेच्या कडेवर बसले होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "तुले वास आला? तुळजे, तुले वास आला वं?"

"आला न. शेजारपाजाऱ्यांले बी आला असन."

तिथून पुढचे दोन तास स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिच्यात दोन शाली पांघरलेल्या तुळजाबाई. मला भीती वाटत होती, गार फरशी, उघडं दार, पुन्हा छाती भरली तर? नत्थूजींनाही वाटत होती, ते सारखे शाल सारखी करत होते. पण त्या खाटेवर परत जायला तयार नव्हत्या. बोटाने दाखवायच्या. हा कांदा नको, बारीक चिर. तेल कमी. आलं ठेचून, किसून नाही.

"झाकण काढा. कांदा घाला."

"नाई काढायचं. पोरीनं लिहून ठेवलं हाये. एकदा काढलं तं अर्धा तास वाढते."

"वाढू द्या. पोरीले मीच शिकवलं रांधायले."

झाकण निघालं. वाफ वर आली आणि तुळजाबाईंनी डोळे मिटून ती नाकात ओढली. लगेच कपाळाला आठ्या पडल्या. "सांबार नाई का?" सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे सगळे तिला तेच म्हणतात. ती आणायची राहिली होती. माझ्या फ्रिजमध्ये होती, मी घेऊन आले.

साडेसात वाजता वाटी भरली. मांस चमच्याने दाबलं की सुटत होतं, कोहळं रश्श्यात विरघळून गेलं होतं. नत्थूजींनी एक तुकडा मधोमध फोडून दिव्याखाली धरला, उलटा केला, पुन्हा धरला. लाल काही दिसलं नाही. तरी आधी स्वतः खाल्ला. मग चमच्यात रस्सा घेऊन त्यावर फुंकर मारली.

पहिला चमचा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ठसका लागला.

डॉक्टरांनी हेच बजावलं होतं. घास चुकून छातीत गेला तर पुन्हा दवाखाना. त्या खोकत राहिल्या, चेहरा लालबुंद झाला, नत्थूजींचा हात हवेतच राहिला आणि चमच्यातला रस्सा फरशीवर सांडला. मी पाठीवर हात ठेवला. बरगड्या मोजता येत होत्या. एक, दोन, तीन उबळी. मग खोकला थांबला. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि तोंड उघडलं.

नत्थूजींचा हात पुढे जाईना.

"द्या न," त्या म्हणाल्या. "थंडं होऊन राहिलं."

त्या दिवशी त्यांनी एक वाटी संपवली आणि दुसरीतली थोडी. शेवटी म्हणाल्या, "मीठ कमी हाये. तिखट तं नाईच. दवाखान्याचं पाणी हाये हे." नत्थूजींनी हे सगळं त्यांच्या ओठांवर वाचलं, एक शब्दही न चुकता.

मंगळवारी मी सुट्टी घेतली आणि दोघांबरोबर गेले. काट्यावर उभं राहताना तुळजाबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, सिस्टरने तो सोडवला. अडतीस. वर नाही, खाली नाही. डॉक्टरांनी मास्क लावला होता. नत्थूजी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते, आणि डोळ्यांवरून काही वाचता येत नव्हतं. मग ते माझ्याकडे बघू लागले. डॉक्टरांनी काल काय खाल्लं ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी छाती स्टेथोस्कोपने तपासली, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि म्हणाले की खाणं सुरू झालं असेल तर आणखी एक आठवडा थांबून बघू.

मी नत्थूजींकडे वळले आणि आवाज न काढता ओठ हलवले: एक आठवडा. नळी नाही. त्यांनी मान खाली घातली आणि मफलरचं टोक कितीतरी वेळ दुमडत बसले.

पुढच्या आठवड्यात पाव किलो वाढलं. त्याच्या पुढच्यात काही नाही, आणि ते सात दिवस पुन्हा सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढले. मग हळूहळू काटा वर सरकत गेला. हंडी रोज लागायची. लाईन गेली की मी कसलीही मीटिंग चालू असो, खाली धावायचे.

जानेवारीच्या शेवटी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. मी तुळजाबाईंना म्हटलं की मीच खाली येऊन कुंकू लावते. त्या ऐकेनात. पंधरा पायऱ्या चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. प्रत्येक पायरीवर थांबायच्या, कठडा धरायच्या, श्वास घ्यायच्या. नत्थूजी खाली उभे होते, दोन्ही हात थोडे पुढे करून, पडल्याच तर झेलता यावं म्हणून. बायांच्या घोळक्यात ते वर आले नाहीत. अर्ध्या तासाने मी तिळगूळ द्यायला खाली गेले, तेव्हाही ते तिथेच होते, मान वर करून दाराकडे बघत.

"बसल्या आहेत, काका. चांगल्या बसल्या आहेत. गप्पा मारताहेत."

"दम लागून राहिला का?"

"नाही."

"खोकली?"

"एकदाच."

त्यांनी मान हलवली. तिळगूळ हातात तसाच धरून ते पुन्हा वर बघू लागले. मी जिना चढताना तुळजाबाईंचा आवाज ऐकू आला. त्या कोणाला तरी तर्रीचा मसाला कसा भाजायचा ते सांगत होत्या, आणि मध्येच त्यांना कोणीतरी विचारलं की मग तब्येत आता कशी आहे.

"हाये," त्या म्हणाल्या. "चालून राहिलं."